तळणाच्या तेलाचे डिझेल

आज औसा तालुक्यातील आमच्या गावात, बचत गटाच्या शेडमध्ये, भजी-वड्यांच्या गाड्यांवरून गोळा केलेल्या दहा लिटर तळणाच्या तेलापासून आम्ही बायोडिझेल तयार केले. मागच्या महिन्यातील पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला होता, कारण तेलात पाणी राहिले आणि सगळ्याचा साबणासारखा गोळा झाला. म्हणून या वेळी तेल आधी गाळून, १०० अंशांच्या वर तापवून, त्यातील पाणी उडवून लावले.

ताज्या तेलाला लिटरमागे सुमारे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो, परंतु तळून जळलेल्या तेलात आम्लता वाढलेली असते, त्यामुळे नमुना तपासूनच सोड्याचे प्रमाण ठरवावे लागते. ते काम गटातील शेवंताकाकूंनी इतक्या निगुतीने केले, की थेंब मोजताना त्यांनी कुणाला बोलूसुद्धा दिले नाही. हा सोडा ज्यात विरघळवून तेलात मिसळतात, ते मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) लिटरमागे २०० मिलिलिटर लागते. ते विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने हातमोजे घालून, उघड्यावर आणि चुलीपासून दूरच ते मिसळावे, हे मला आवर्जून सांगायचे आहे.

संध्याकाळी काचेच्या बरणीत तळाशी गडद तपकिरी ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचे इंधन असे दोन थर स्पष्ट दिसले, तेव्हा मला खरोखर भरून आले. ज्या तालुक्यात विहिरीवरचे इंजिन डिझेलअभावी बंद पडल्याचे मी लहानपणापासून पाहिले आहे, तिथे हे घडले. आता इंधन पाण्याने धुऊन, वाळवून, पुढच्या रविवारी डिझेलमध्ये २० टक्के मिसळून काकूंच्याच इंजिनवर चालवून पाहणार आहोत.