साल्सा शिकायचाय, कुठला क्लास लावू?

हा प्रश्न मला भाचीच्या मैत्रिणी विचारतात, गणपतीत मंडळात भेटणाऱ्या काकू विचारतात, पुण्याहून फोन करूनही लोक विचारतात. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते आणि बरीच वर्षं साल्सा नाचते, एवढं कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट बसून उत्तर देते. क्लास जरूर लावा, पण त्याआधी महिनाभर नुसतं ऐका.

मराठी माणसांना तर मी हे आग्रहाने सांगते. आपण भजनात टाळ धरून वाढलेलो, नाट्यगीतं कानावर पडलेली. सम कुठे येते हे कुणी सांगावं लागत नाही, मान आपोआप हलते. साल्सात ती सम धरायला गेलात तर हाती लागत नाही, कारण ती दाखवून देण्याची जबाबदारी तिथे कुणी घेतलेलीच नसते. क्लासमध्ये पहिल्या दिवशी गोंधळणारे बहुतेक जण पाय चुकतात म्हणून गोंधळत नाहीत. कान जिथे टेकायला बघतो तिथे काही नसतं, म्हणून गोंधळतात.

करून बघा. मनात सोळा मात्रा धरा आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी अशा पाच ठिकाणी टाळी द्या. हा क्लावे. दोन जाडसर लाकडी काठ्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात, आणि सगळा वाद्यमेळ त्याला बांधलेला असतो. काठ्या वाजत नसल्या तरी वाजवणाऱ्यांच्या डोक्यात तो चालूच असतो. पुष्कळ गाण्यांत हा आकृतिबंध उलटा, म्हणजे दोन टाळ्यांच्या बाजूने सुरू होतो. मग तर पहिल्या मात्रेवर टाळीच पडत नाही. आता बेस, म्हणजे खर्जातलं तारांचं वाद्य, ऐका. तो चौथ्या, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर येतो. पंधरावीवर छेडलेला सूर तसाच लांबत पुढच्या आवर्तनात शिरतो आणि समेच्या जागी नवा आघात होतच नाही. शेवटी सगळे मिळून समेवर येतील म्हणून आपण वाट बघत बसतो, तोवर बेस पुढे निघून गेलेला असतो. त्यातूनच ती ओढ येते, बसल्या जागी माणसाला उठवणारी.

मग पाय कुठे टाकायचा? त्यासाठी कोंगा ऐका. दोन्ही हातांनी वाजवायचा हा उंच ढोल तिसऱ्या मात्रेवर एक कोरडी चापट देतो आणि सातवी-आठवीवर दोन मोकळे, घुमणारे बोल. अकरावीला पुन्हा चापट, पंधरावी-सोळावीला पुन्हा ते दोन बोल. दुसरी खूण याहून सोपी आहे. गाण्याचा पहिला भाग संपतो, कोरस एकच ओळ घोळवू लागतो आणि मुख्य गायक मधल्या जागा आयत्या वेळी सुचेल तशा भरू लागतो. या भागाला मोंतुनो म्हणतात. तो सुरू झाला की बोंगो, म्हणजे जोडीने बांधलेले छोटे ढोल, वाजवणारा ते बाजूला ठेवतो आणि धातूची मोठी घंटा उचलतो. गुरांच्या गळ्यात बांधतात तशी, पण आत लोलक नसलेली. तिच्या तोंडावर काठीचे जड ठोके पडतात पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर. इतका वेळ न सापडलेली जमीन तिथे पायाखाली येते. चांगले नाचणारे गाण्याच्या पहिल्या भागात साधेच, जवळ जवळ पाय टाकत राहतात आणि घंटा आली की मोकळे होतात. एकदा ही घंटा ओळखता आली की माझ्या मते तुमचं अर्धं शिक्षण झालं.

"मग ऐकू काय?" हा पुढचा प्रश्न. सुरुवात क्यूबातल्या आर्सेन्यो रोद्रिगेसपासून करा. हा अंध वादक त्रेस वाजवायचा, म्हणजे तारांच्या तीन जोड्या असलेलं गिटारसारखं वाद्य. पूर्व क्यूबातून आलेलं 'सोन' हे संगीत तोवर छोट्या संचात वाजायचं. १९४० च्या दशकात त्याने त्यात कोंगा आणला, पियानो आणला, एकाऐवजी अनेक ट्रम्पेट आणले, आणि मोंतुनोला गाण्याचा कणा केलं. साल्साचा सांगाडा तिथे तयार झाला. पण साल्सा या नावाने तो जगभर गेला न्यूयॉर्कमधून. १९६४ साली डॉमिनिकन वंशाचा बासरीवादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. विली कोलोन हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला पोर्टो रिकन मुलगा. जेमतेम सतराचा होता, तेव्हा त्याचा पहिला अल्बम आला, १९६७ मध्ये. गायक एक्तोर लावो, पोर्टो रिकोच्या पोन्से शहरातून किशोरवयात न्यूयॉर्कला आलेला. कोलोनच्या ट्रॉम्बोनचा खरखरीत, रस्त्यावरचा आवाज आणि त्यावर लावोचा नाकातून येणारा, धारदार, मिश्कील गळा! माझ्यासाठी साल्सा म्हणजे हे दोघे. टिटो पुएंतेसारखे ज्येष्ठ वादक मात्र साल्सा हे नाव मानायला तयार नव्हते. आम्ही क्यूबन संगीतच वाजवतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्यही होतं. पण क्यूबाच्या चालीत ब्रॉन्क्सच्या गल्ल्या, थंडी, भाड्याची घरं आणि बेकारी आली, तेव्हा ते संगीत वेगळं झालं असं मी मानते. २६ ऑगस्ट १९७१ ला फानियाचे सगळे कलाकार मॅनहॅटनच्या चीता क्लबात एकत्र वाजले. १९७३ मध्ये यांकी स्टेडियमवर हजारोंचा जमाव जमला आणि ऐन रंगात मैदानात घुसला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण मिळालं तर कोंगांची जुगलबंदी ऐका.

शब्द कळत नाहीत म्हणून अडून राहू नका, पण एका गाण्याचे शब्द मात्र मुद्दाम समजून घ्या. पनामाचा गायक रुबेन ब्लेड्स आणि कोलोन यांच्या १९७८ च्या 'सिएम्ब्रा' या अल्बममधलं 'पेद्रो नावाखा'. सात मिनिटांहून मोठं गाणं, आणि त्यात एक अख्खी कथा. खिशात चाकू लपवलेला गुंड, रात्रभर गिऱ्हाईक न मिळालेली बाई, रिकामी गल्ली. तो तिच्यावर चाकू चालवतो, ती पिस्तूल झाडते, दोघंही कोसळतात. आवाज ऐकून कुणी बाहेर येत नाही. एक दारुडा येतो, पिस्तूल, चाकू आणि पैसे उचलतो आणि बेसूर गात निघून जातो. आयुष्य कधी काय पुढ्यात ठेवील सांगता येत नाही, अशा अर्थाची ओळ तो गातो. हीच ओळ मग कोरस उचलतो आणि माणसं तिच्यावर नाचतात. एवढी काळी गोष्ट नाचाच्या तालावर सांगायची हिंमत मला फार मोठी वाटते. ब्लेड्स वकिलीही शिकलेला, आणि १९९४ मध्ये पनामाच्या अध्यक्षपदाची निवडणूकही त्याने लढवली होती.

ऐकताना खाण्याकडेही लक्ष ठेवा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मोंतुनोमध्ये मुख्य गायक ज्या ओळी टाकतो त्यांना 'प्रेगोन' म्हणतात, आणि क्यूबात प्रेगोन म्हणजे फेरीवाल्याची आरोळी. फळवाले, भाजीवाले, मिठाईवाले यांच्या आरोळ्यांवर तिथे गाण्यांची एक परंपराच उभी राहिली. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, मोइसेस सिमोन्सचं शेंगदाणेवाल्याचं गाणं त्यातलं सर्वांत गाजलेलं. कागदाच्या शंकूतले गरम शेंगदाणे विकणारा माणूस, घरातल्या बाईला झोपण्याआधी एक पुडी घे म्हणून विनवणारा. क्यूबाची गायिका सेलिया क्रूझ हिची जगप्रसिद्ध आरोळी 'आसूकार!', म्हणजे 'साखर!', हीसुद्धा खाण्याच्या टेबलावरून आलेली. मायामीतल्या एका रेस्टॉरंटात वेटरने तिला विचारलं, कॉफीत साखर घालू का? तू क्यूबाचा ना, मग हे विचारतोस कसं, साखर तर हवीच, असं तिने त्याला ऐकवलं. हा किस्सा ती कार्यक्रमात सांगायची. पुढे किस्सा गळून पडला आणि शब्द तेवढा उरला. १९६० मध्ये तिने क्यूबा सोडलं. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा तिला परत येऊ दिलं नाही. ती 'आसूकार' म्हणते तेव्हा मला हे सगळं एकत्र ऐकू येतं.

पोर्टो रिकोत ख्रिसमसच्या दिवसांत परांदा निघते. रात्री उशिरा मित्रमंडळी गिटार, ग्विरो, माराकास घेऊन कुणाच्या तरी दाराशी आवाज न करता जमतात आणि एकदम गायला लागतात. घरातले उठतात, दार उघडतात, सगळ्यांना खाऊ-पिऊ घालतात आणि तेही टोळीत सामील होऊन पुढच्या घराकडे निघतात. पहाटे शेवटच्या घरी तांदूळ आणि कोंबडी घातलेला पातळसर आसोपाओ. याच दिवसांत पास्तेलेस होतात. कच्ची केळी आणि कंद किसून त्याचा लगदा करायचा, आत शिजवलेलं डुकराचं मटण भरायचं, केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. सगळं घर ओळीने बसून हे करतं आणि मागे गाणी चालू असतात. कोलोन-लावोंनी या परंपरेवर ख्रिसमसचा अख्खा अल्बम केला. या घरांतली मुलं साल्साच्या क्लासला जात नाहीत. स्वयंपाकघरात आजी पळीसकट हात धरते आणि दोन पावलं टाकते, तिथेच ती शिकतात.

माझंही असंच झालं, फक्त घर परकं होतं. जॅक्सन हाइट्सला ७४ व्या रस्त्यावर आपली पिठं, डाळी, कढीपत्ता मिळतो म्हणून तिथे जायचं. कोपऱ्यावर वळलं की रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू, डोक्यावरून धडधडत जाणारी सात नंबरची ट्रेन, आणि पुढे ८२ व्या रस्त्यापर्यंत कोलंबिया आणि इक्वादोरची दुकानं. तिथल्या एका बेकरीत पांदेबोनो भट्टीतून निघत असतो. साबुदाणा ज्या कंदाच्या स्टार्चपासून होतो त्याचाच आंबवलेला स्टार्च, मक्याचं पीठ आणि भरपूर चीज. वरून खरपूस, आत ताणली जाणारी. गरम असेपर्यंतच खायची गोष्ट. काउंटरमागच्या बाई कोलंबियातल्या काली शहरच्या. रेडिओवर साल्सा लागला की ट्रे हातात धरूनच त्यांचे पाय चालू होतात, वरचं शरीर जराही हलत नाही. मी साल्साची पावलं पहिल्यांदा नीट पाहिली ती काउंटरच्या फटीतून.

काली हे कोलंबियाचं शहर स्वतःला साल्साची राजधानी म्हणवतं, आणि मला ते पटतं. तिथे साल्सा जन्मला नाही, पण त्याच्यावर इतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नसेल. बुएनावेंतुरा बंदरातून न्यूयॉर्कच्या आणि क्यूबाच्या रेकॉर्ड यायच्या. कालीच्या पोरांना त्या संथ वाटल्या, म्हणून ३३ च्या वेगाच्या रेकॉर्ड ते ४५ वर लावू लागले. आजही कालीचा नाच म्हणजे पायांचा पाऊस. दरवर्षी २५ ते ३० डिसेंबर शहराची जत्रा असते, १९५७ पासून. पण मी तिथे गेले तेव्हा मला सर्वांत आवडला तो रविवार. लोक पांसे नदीवर जातात, चुलीवर मोठ्या पातेल्यात सांकोचो चढवतात. गावठी कोंबडी, कच्ची केळी, युका म्हणजे तोच साबुदाण्याचा कंद, मक्याची कणसं, आणि तीव्र वासाची रानकोथिंबीर. बाजूला आही नावाची चटणी: कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची, लिंबू. पातेलं उकळतंय तोवर स्पीकर लागतो. सत्तरीच्या पुढचं एक जोडपं दोन दगडांमधल्या एवढ्याशा सपाट जागेत नाचत होतं. उचलणं नाही, गिरक्यांची आतषबाजी नाही. स्पर्धांच्या चकचकीत व्हिडिओंपेक्षा हे बघा, असं मी सगळ्यांना सांगते.

नाचो चिप्सबरोबर वाटीत चटणी म्हणून येतो तो साल्सा मेक्सिकोचा. मोल्काखेते नावाच्या दगडी खलात वाटलेला असेल तर फारच उत्तम. पण त्याचा या नाचाशी थेट संबंध नाही, म्हणून तो इथे वाढत नाही.

"अनोळखी माणसाबरोबर नाचायचं म्हणजे कसं वाटतं?" हे बायका हळूच विचारतात. सरळ सांगते. चांगल्या जागी रीत पक्की असते. समोरचा हात पुढे करून विचारतो, तुम्ही हो म्हणू शकता किंवा नको. गाणं संपलं की आभार मानायचे आणि आपापल्या खुर्चीत जायचं. बायकांनीही विचारावं, त्यात काही वावगं नाही. कुणाची पकड नकोशी वाटली तर गाण्याच्या मध्यावर हात सोडून निघून या, कारण द्यायची गरज नाही.

आता क्लासचं. एक-दोन-तीन, चारला थांबा, पाच-सहा-सात, आठला थांबा, हे सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच शिकवतात. क्लासमधला एक आकडा म्हणजे आपण वर धरलेल्या दोन मात्रा, त्यामुळे क्लासमधला 'दोन' आपल्या तिसऱ्या मात्रेवर येतो. दिशा बदलणारं पाऊल काही जण एकवर टाकतात. न्यूयॉर्कचे नृत्यशिक्षक एडी टॉरेस यांची परंपरा दोनवर टाकते, म्हणजे बरोबर कोंगाच्या चापटीवर. मला दोनवर नाचायला आवडतं, पण तुमच्या गावात एकवर शिकवत असतील तर खुशाल एकवर शिका. हवाना-पद्धतीचा, गोलात जोड्या बदलत नाचायचा रुएदा मिळाला तर सोडू नका, त्यात लाज फार लवकर जाते. पहिल्या तासाला जाऊन नुसते बसा. मास्तर गाणं लावतात का, आणि घंटा कुठे येते ते ऐकवतात का, तेवढं बघा. तासभर नुसते आकडेच मोजत असतील तर फी भरू नका, दुसरा क्लास शोधा.