रुडकीचं पितळ: जुनं आणि जुनं केलेलं

हरिद्वारचा दिवस गर्दीत गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. रुडकीबद्दल मात्र लिहायलाच हवं. तिथल्या एका दुकानाच्या मागच्या अंगणात जे चाललं होतं, ते पाहून जीव तळमळला. एकोणिसाव्या शतकातली एक डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं दुर्बिणीचं पितळी यंत्र, दुर्बिणीपासून फूट स्क्रूपर्यंत (यंत्र समपातळीत आणणाऱ्या पायाच्या स्क्रूंपर्यंत) सुटी करून, चिंच-मिठाच्या पाण्यात बुडवली होती आणि एक पोरगा काथ्याने ती घासत होता. गिऱ्हाइकाला पिवळीधम्मक वस्तू लागते, एवढंच त्याचं कारण.

या घासण्यात काय जातं, ते सांगतो. त्या काळचे कारागीर पितळ किंचित तापवून त्यावर लाखेचा पातळ लेप ब्रशने देत. यंत्राला जो मधासारखा रंग दिसतो तो या लेपाचा, पितळेचा नव्हे. हाताचा घाम आणि दमट हवा यांपासून तोच धातूला वाचवतो. लेप गेला की काही महिन्यांत पितळ काळवंडतं, मग पुन्हा घासायचं, आणि दर घासणीत कोरलेल्या रेघांचा थोडा थोडा भाग निघून जातो. सर्वांत आधी पुसट होतं ते बनवणाऱ्याचं नाव. अंशांच्या खुणा बहुतेक वेळा पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर असतात. चांदी मऊ, रेघा केसासारख्या बारीक, त्यामुळे तिथे काथ्या लागला की यंत्राचं मोजणंच संपतं. आंबट-खारट पाणी आट्यांमध्ये शिरतं ते वेगळंच. त्याने पितळेतलं जस्त विरघळून तांबूस डाग पडतात आणि पोलादी अक्षाला गंज धरतो.

जुनं यंत्र हाती आलं तर पहिले काही दिवस त्याला नुसत्या मऊ सुती कापडाने पुसावं. मळ निघत नसेल तर कापडावर मिनरल टर्पेंटाइनचे दोन थेंब. स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही नको, लाख त्यात विरघळते. वंगण शंभर वर्षांत डिंकासारखं घट्ट होतं, त्यामुळे स्क्रू फिरत नाहीत. तिथे पातळ तेलाचा एक थेंब सोडून दोन-तीन दिवस थांबायचं. गरम करायचं नाही, कारण उष्णतेने लाख करपते आणि दुर्बिणीच्या पुढच्या टोकाची दोन भिंगं जोडणारा कॅनडा बाल्सम हा राळेसारखा चिकट पदार्थ सुटतो. पेचकसाचं पातं खाचेत काठोकाठ बसेल असं घासून घ्यावं. सैल पातं एकदा निसटलं की स्क्रूचं डोकं कायमचं बिघडतं. हे स्क्रू हाताने एकेका भोकाला जुळवलेले असत, म्हणून पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी टोचून ठेवणं बरं.

रुडकीत ही यंत्रं का, याचं उत्तर गावातून वाहतं. गंगा कालव्यातून १८५४ मध्ये पाणी वाहू लागलं. शेकडो मैल पाणी उताराने न्यायचं तर इंचाइंचाची लेव्हल घ्यावी लागते. त्यासाठी माणसं तयार करायला १८४७ मध्ये इथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, तेच पुढे थॉमसन कॉलेज आणि आता आयआयटी. मोजणीच्या आणि ड्रॉइंगच्या साहित्याचा धंदा या गावात रुजला तो या वातावरणात. सोलानी नदीवरून कालवा नेणारा जलसेतू आणि तिथले दगडी सिंह पाहायला संध्याकाळची वेळ चांगली. राहण्याची सोय यथातथाच आहे.

आज याच गावात पितळी होकायंत्रं, सेक्स्टंट (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायची यंत्रं) आणि दुर्बिणींच्या प्रतिकृती तयार होतात आणि जगभर जातात. कारागीर मोकळ्या मनाचे. कोणता माल नवा, हे न विचारता सांगतात, लेथवर उभं करून दाखवतात, चहा पाजतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. संताप येतो तो पुढच्या साखळीचा. तोच माल रसायनाने काळा होतो, शिसवीच्या नव्या पेटीत बसतो आणि दूरच्या शहरात ‘आजोबांच्या काळचा’ म्हणून विकला जातो. त्यावर ‘स्टॅन्ली लंडन’ आणि एखादं साल ठळक कोरलेलं असतं. विल्यम स्टॅन्लीची कंपनी खरीच होती, १८५४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली. पण जुन्या मालावर नाव सहसा बारीक आणि नीटस असतं, अनेकदा पत्त्यासकट, आणि उत्पादनाचं साल असं मिरवलेलं क्वचितच दिसतं.

नाव, रंग, पेटी या सगळ्यांची नक्कल होते. अंशांच्या रेघांच्या विभागणीची करणं फार कठीण, म्हणून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, पाहताना मी सरळ व्हर्नियरकडे, म्हणजे अंशांच्या वर्तुळालगतच्या बारीक मापपट्टीकडे जातो. समजा वर्तुळावर २० मिनिटांचे, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याचे, भाग आहेत आणि व्हर्नियरवर ६०. हे ६० भाग वर्तुळाच्या बरोबर ५९ भागांइतके लांब असायला हवेत, तेव्हा लघुतम माप, म्हणजे वाचता येणारा सर्वांत लहान कोन, २० सेकंद येतं. भिंगातून पाहत व्हर्नियरचं शून्य वर्तुळाच्या कुठल्याही रेघेशी जुळवा. शेवटची रेघही तंतोतंत जुळली पाहिजे. मधल्या रेघा क्रमाक्रमाने सरकत जाऊन ३०व्या रेघेला अर्ध्या भागाचा फरक दिसला पाहिजे. प्रतिकृतीत हा क्रम नसतो. एक तर चार-पाच रेघा इथेतिथे जुळतात, नाहीतर व्हर्नियर नुसती नक्षी असते.

यंत्र खरं निघालं तरी ते पडलेलं आहे का, हे पाहायचं राहतंच. समोरासमोरचे दोन व्हर्नियर, ए आणि बी, दर ३० अंशांवर वाचा. दोघांतला फरक १८० अंशांपेक्षा थोडा कमी-जास्त पण सगळीकडे सारखाच असेल तर काळजी नाही. फरक फिरताना वाढत जाऊन पुन्हा कमी होत असेल तर वर्तुळाचं केंद्र अक्षापासून सरकलं आहे. थोडं सरकलेलं दोन्ही वाचनांच्या सरासरीत निघून जातं. खूप असेल तर आतला अक्ष वाकलेला आहे, ते यंत्र फक्त शोभेचं. मग पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणून वरचा भाग १८० अंश फिरवा. बुडबुडा जितका सरकेल त्यातलं अर्धं फूट स्क्रूने आणि अर्धं नळीच्या टोकाच्या नटाने काढायचं. नट जाम असेल तर जोर करू नका, काचेची नळी प्लास्टरमध्ये बसवलेली असते आणि तडकते. फूट स्क्रू थोडा फिरवल्यावर बुडबुडा जेमतेमच हलत असेल तर मूळची नळी जाऊन तिथे गवंडीकामातली बसवलेली असू शकते. दुर्बिणीतली उभी-आडवी तार पुष्कळ जुन्या यंत्रांत कोळ्याच्या धाग्याची असते. दमट हवेत तो सैल पडतो, तुटला तर नवा लावता येतो. तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नये.

देहरादूनला लष्करी होकायंत्रं बरीच दिसली. युद्धकाळातल्या चकतीवरचा पिवळट-तपकिरी रंग रेडियमचा असू शकतो. त्याची चमक केव्हाच गेलेली असते, किरणोत्सर्ग मात्र टिकतो, कारण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. असं होकायंत्र उघडू नये, खरवडू तर मुळीच नये.

याच शहरात सर्व्हे ऑफ इंडियाकडे भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्टनचा तो प्रचंड थिओडोलाइट आहे. लंडनच्या कॅरीने बनवलेला, ३६ इंची वर्तुळाचा, वजन सुमारे अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लॅम्टनने सहा आठवडे खपून, पाचरी आणि लाकडी हातोडीने ते पुन्हा गोल केलं. पुढे, लॅम्टननंतर ही मोजणी चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात, यंत्रकारागीर हेन्री बॅरोने त्याची पुनर्बांधणी केली. बॅरोनंतर यंत्रांचं काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसिन हुसैन यांच्याकडे आलं. त्यांचं नाव एव्हरेस्टच्या नावाइतकं घेतलं जात नाही, ते घेतलं जायला हवं.

मसुरीला हाथीपावच्या वर जॉर्ज एव्हरेस्टचं घर आहे. एका बाजूला दून खोरं, दुसरीकडे हिमशिखरं. जागा निवडणारा मोजणीदारच होता, हे उभं राहिल्याबरोबर कळतं. पण सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग आणि सेल्फींची झुंबड इतकी की दोन मिनिटं शांतपणे दिशा पाहता येत नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जावं.

परतीसाठी यंत्र बांधताना क्लॅम्प अगदी हलके आवळावेत. धक्का बसला तर भाग थोडा फिरेल, तुटणार नाही. फूट स्क्रू मध्यावर आणावेत, होकायंत्राची सुई टोकावरून उचलून अडकवावी. मूळ पेटीतल्या लाकडी खाचा ठरावीक स्थितीसाठीच केलेल्या असतात. झाकण दाबून बसवावं लागत असेल तर आत काहीतरी उलटं बसलं आहे. उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवू नये, नळीतला द्रव फुगून काच फुटते. देशाबाहेर न्यायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचावा. शंभर वर्षांहून जुनी वैज्ञानिक वस्तू खाजगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही. प्रतिकृती नेतानाही ती पुरावस्तू नसल्याचा दाखला कस्टम मागू शकतं, तो पुरातत्त्व खात्याकडून आधीच घेऊन ठेवावा.