मूरिश थाट, अमेरिकन पोट

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात एक अख्खी खोली उचलून आणून मांडली आहे. मॅनहॅटनच्या 54व्या रस्त्यावरच्या घरातली ही मूरिश, म्हणजे उत्तर आफ्रिका-स्पेनकडच्या इस्लामी शैलीची, धूम्रपानाची खोली तिथली तेव्हाची मालकीण आराबेला वर्शमने 1881च्या सुमारास सजवून घेतली. 1884 मध्ये ते घर तेलसम्राट जॉन रॉकफेलरने घेतलं. खोली धूम्रपानाची, मालक तंबाखूला न शिवणारा!

त्या काळातल्या अशा खोल्यांमधलं काळंभोर फर्निचर पाहून ‘आबनूस’ म्हणायची घाई करू नये. बहुतेकदा ते चेरीचं लाकूड असे. त्यावर लॉगवूड या रंग देणाऱ्या लाकडाचा काढा चढवायचा, वाळला की व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लोखंडाचं पाणी फिरवायचं; टॅनिन आणि लोह भेटले की लाकूड काळं पडतं. पण रंग मुरतो तो वरच्यावरच. खुर्चीच्या हातांचे काठ झिजले की आतला तांबूसपणा डोकावतो, आणि आबनुसाचा आव तिथेच संपतो.

खरी गंमत मात्र ‘टर्किश’ खुर्चीत. लाकूड कुठे दिसतच नाही. नुसती गुबगुबीत गादी, खोल बसवलेली बटणं आणि खाली जमिनीपर्यंत लोंबणारी झालर. पूर्वेकडच्या बैठकीत गाद्या-तक्के असतात, पोटात स्प्रिंगा नसतात. हा सगळा पाश्चात्त्य कारखान्याचा माल. खाली पट्ट्यांची वीण, तिच्यावर शिवलेल्या स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ दिशांना बांधलेली, वर गोणपाट, घोड्याचे केस, मग कापड. बटणांच्या खळग्यांत कापड आत जातं, म्हणून ते सपाट मापापेक्षा बरंच जास्त घ्यावं लागतं. इथे कंजुषी केली की घड्या ओढल्या जातात आणि बटणापाशीच कापड फाटतं. सुतळी कुजली की स्प्रिंग कलंडते आणि बसणाराही तिच्याबरोबर कलतो. अशी खुर्ची दुरुस्त करताना नुसतं वरचं कापड बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

शिंपले जडवलेली अष्टकोनी मेजं त्यामानाने प्रामाणिक, कारण बरीचशी दमास्कस-कैरोकडूनच येत. त्यांना छळलं ते अमेरिकन हिवाळ्यातल्या वाफेच्या हीटरने. कोरड्या हवेत लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने आकसतं, शिंपला आकसत नाही. मग सरस सुटतो आणि तुकडे उडतात. कैरोच्या लाकडी जाळीत मात्र कातलेले छोटे तुकडे खिळा-सरसाविना एकमेकांच्या भोकांत बसवतात, म्हणून लाकडाला हलायला जागा राहते. जाळीची नक्कल करताना ज्यांनी ते तुकडे सरसाने घट्ट चिकटवले, त्यांच्या जाळ्या तडकल्या.