जाड-बारीक रेघांचा टाइप सगळीकडे का नाही?

जाड-बारीक रेघांचा टाइप, म्हणजे छापील अक्षरांचं वळण, सगळीकडे का वापरत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपुरात मी पत्रिका आणि पोस्टरांची अक्षरं जुळवतो. ‘शुभविवाह’ इतकं देखणं दिसतंय, तर आतला मजकूरही त्याच टाइपात घ्या ना भाऊ, असं बहुतेक घरचे म्हणतात.

अडचण बारीक रेघेची आहे. बोरूच्या लेखणीचं टोक तिरपं छाटलेलं असतं, म्हणून हात वळला की रेघ आपोआप जाड-बारीक होते. देवनागरीचं वळण त्यातूनच आलं. इटलीतल्या पार्म्यात बोडोनी आणि पॅरिसात दिदो या मुद्रकांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रोमन लिपीत हा फरक टोकाला नेला. गुळगुळीत कागद मिळू लागला होता, म्हणून ते छापता आलं. देवनागरीत असा टाइप हवा असेल तर २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्री या टाइप बनवणाऱ्या कंपनीने काढलेला रोझा वन बघा. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी तो मथळे आणि पोस्टरांसाठी रेखाटला, आणि तो मोफत आहे.

आता हिशेब करू. समजा, बारीक रेघ टाइपच्या साइजच्या एक साठांश आहे. ७२ पॉइंटला, म्हणजे एक इंच साइजला, ती सुमारे ०.४ मिलिमीटर भरते, म्हणजे ठसठशीत. ९ पॉइंटला उरते ०.०५, आणि खरखरीत कागदावर ती तुटते. मराठीत हे जास्त महागात पडतं, कारण आपल्या मात्रा, वेलांट्या, रफार बऱ्याचदा याच रेघेवर असतात. मात्रा उडाली की ‘वेळ’चा ‘वळ’ होतो. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र पुसला, तर आपल्या पश्चिम विदर्भाचं नावच बिघडलं! मरून रंगाच्या कागदावर सोनेरी फॉइल मारताना तर मी आणखी जपतो. तिथे बारीक रेघ अर्धवट उठते, नाहीतर शेजारच्या पोकळीत फॉइल चिकटतं.

म्हणून पत्रिकेवर वधूवरांची नावं, दिवाळी अंकाचं शीर्षक, नाटकाचं पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ इथे हा टाइप मोकळेपणाने वापरा. शब्द दोन-चारच घ्या आणि भोवती भरपूर कोरी जागा सोडा. ती जागा भरायचा मोह फार होतो, पण तिथे वेलबुट्टी आली की अक्षरांचा डौल गेलाच. तारीख, मुहूर्त, कार्यस्थळ मी ‘मुक्ता’सारख्या, जवळपास एकाच जाडीच्या रेघांच्या टाइपात घेतो.

वर्धा रोडवरच्या फ्लेक्सला मी हा टाइप देत नाही. मे महिन्याच्या उन्हात, चालत्या गाडीवरून फक्त जाड तुकडे दिसतात. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लांबून आलेला माणूस ‘पिण्याचे पाणी’ शोधत असतो, तिथे सौंदर्यासाठी एक मात्राही गमावायची माझी तयारी नाही.

तुम्हाला शंका असेल तर प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष मापात एक प्रत काढून घरातल्या आजींना वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील, तिथला टाइप बदला.