एका चाळीतले दोन श्रावण

आषाढ अमावास्येला संध्याकाळी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या एखाद्या चाळीत डोकावून बघावं. एका खोलीत दिव्यांची पूजा आटोपून गटारीचं मटण रटरटत असतं. उद्यापासून महिनाभर बंद, म्हणून आज मसाला जरा सढळ. शेजारच्या बिहारी बिऱ्हाडात मात्र सावन लागून पंधरा दिवस झालेले. ‘श्रावणात मटण?’ असं त्यांच्या मनात येतं, तर ‘अजून श्रावण लागलाय कुठे?’ असं यांच्या. दोघांचेही महिने चंद्रावरूनच मोजलेले, आणि त्या रात्री तो नेमका आभाळात नसतो!

गणित सोपं आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव तेच, वद्य पक्षात मात्र उत्तरेतलं नाव एक महिना पुढे. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, त्यांची भाद्रपदातली, दिवस तोच. तिथीचे सण म्हणूनच सहसा हलत नाहीत. हलतात ती महिन्याच्या नावाला बांधलेली व्रतं.

त्र्यंबकेश्वरला येणाऱ्यांची गफलत होते ती इथेच. २०२५ मध्ये उत्तरेतला सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. २८ जुलैचा सोमवार आपला पहिला, त्यांचा तिसरा. ब्रह्मगिरीची मोठी फेरी तिसऱ्या श्रावणी सोमवारची, म्हणजे ११ ऑगस्टची. तिकडचा सावन तर राखीपौर्णिमेला, ९ तारखेलाच आटोपला होता. फेरीसाठी पाहुणे बोलवायचे तर ‘तिसरा सोमवार’ असं मोघम सांगू नये, तारीख कळवावी.

पण गंमत तारखांपेक्षा मनात जास्त आहे. अमावास्या म्हणजे मिटणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. लक्ष्मीपूजनाला आश्विन सरतो, पाडव्याला कार्तिक उजाडतो. उत्तरेत तीच रात्र कार्तिकाच्या ऐन मध्यावर येते. गुढीपाडव्याचं तर विचारूच नका: तिकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी चैत्र लागतो आणि नवं संवत्सर त्यानंतर पंधरा दिवसांनी. महिना अर्धा सरल्यावर वर्ष बदलतं, हे मराठी डोक्याला पचायला जड. तिकडे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

अधिक मास आला की आणखी गुंता. आपल्याकडे आधी धोंड्याचा महिना, मग निज, म्हणजे त्याच नावाचा नेहमीचा महिना, सरळ हिशेब. उत्तरेत निज महिन्याचा वद्य पक्ष आधी होऊन जातो, मग अख्खा अधिक मास, आणि त्यानंतर उरलेला शुद्ध पक्ष. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. उत्तरेतली वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येची, म्हणून ती १६ मेला. आपली वटपौर्णिमा २९ जूनला. एरवीचं पंधरवड्याचं अंतर त्या वर्षी ४४ दिवसांचं. मधल्या काळात आपल्याकडे जावयाला ३३ अनारशांचं वाण देऊन होतं, आणि वडाखाली सूत विकायला बसणाऱ्या बाईला एकाच मोसमात दोनदा बसावं लागतं.