आमची वाटचाल : ‘आपोआप बंद पडतो’ या तक्रारीच्या मागावर

नाशिकमध्ये 2004-05 च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात उतरलेल्या बहुतेकांप्रमाणे आम्हीही सुरुवात केली ती जोडणी करून विकण्यापासून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट असे सुटे भाग आणायचे, शरणपूर रोडवरील भाड्याच्या गाळ्यात ते बसवायचे, विंडोज एक्सपी टाकायची आणि यंत्र ग्राहकाच्या टेबलावर नेऊन चालू करून द्यायचे, असा तो व्यवहार होता. एमएस-सीआयटीची केंद्रे गल्लोगल्ली निघत होती, सायबर कॅफे जोरात होते, कर सल्लागारांच्या कचेऱ्यांत टॅली पोहोचली होती. मागणीला तोटा नव्हता. विक्रीतला नफा मात्र वर्षागणिक आटत गेला आणि विकलेल्या यंत्रांची देखभाल हाच आमचा मुख्य उद्योग होऊन बसला. त्या देखभालीत सर्वाधिक वेळा कानावर येणारी तक्रार एकच : ‘चालता चालता आपोआप बंद पडतो.’ आमच्या कामाची पद्धत, आमचे दर आणि आमची माणसे या तिन्ही गोष्टी याच तक्रारीमुळे ठरत गेल्या, त्यामुळे ही हकिगत तिच्याच अनुषंगाने सांगतो.

जे यंत्र मुळीच चालू होत नाही ते दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. जे यंत्र दोन तास बिनतक्रार चालते, मग एकाएकी बंद पडते आणि बटण दाबताच काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते, ते मात्र तपासणाऱ्याची परीक्षा पाहते. अशा यंत्रावर बाजाराचा रूढ उपाय म्हणजे आधी फॉरमॅट मारणे, त्याने भागले नाही तर रॅम बदलणे, मग एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना हव्या त्या दाबात बदलून देणारा डबा) आणि शेवटी मदरबोर्ड. या क्रमाने ग्राहकाच्या खिशातून जवळजवळ नवा संगणक वसूल होतो आणि तरीही मूळ दोष भिंतीतल्या सॉकेटमध्ये असेल तर तो तसाच राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आम्ही इतक्या ठिकाणी पाहिला की अंदाजाने सुटा भाग न बदलण्याचा नियम आम्ही फार लवकर करून टाकला.

सुरुवातीच्या वर्षांत या तक्रारीचे एक कारण डोळ्यांनाच दिसत असे. साधारण 1999 ते 2007 या काळात जगभर विकल्या गेलेल्या अनेक मदरबोर्डांवरील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर निकृष्ट द्रावणामुळे अकाली खराब होत. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या या छोट्या नळकांड्यांचे सपाट असायला हवे ते डोके फुगून वर येई, काहींच्या टोकावर तपकिरी खपली धरलेली असे. प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब त्यांच्यामुळे डळमळीत होई आणि कामाचा ताण वाढताच यंत्र बंद पडे. असा बोर्ड फेकून न देता त्याच क्षमतेचे आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे कपॅसिटर झाळून (सोल्डरिंग करून) बसवले की तो पुन्हा कामाला लागे. मदरबोर्डचे झाळकाम करून देणारी दुकाने त्या वेळी आमच्या भागात मोजकीच होती, त्यामुळे इतर दुकानदारही बोर्ड आमच्याकडे पाठवू लागले आणि विक्रीपेक्षा या कामावर गाळ्याचे भाडे निघू लागले.

धंद्याला खरे वळण दिले ते दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष शीतगृहाच्या कचेरीने. तेथील संगणक हंगामात दिवसातून अनेकदा बंद पडे. वर्कशॉपमध्ये आणून दिवसभर चालवला, त्याच्यावर मुद्दाम ताण टाकला, रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवली. दोष सापडला नाही. परत नेऊन ठेवला की पहिल्याच दुपारी फोन येई. ‘भाऊ, तुमच्याकडे नेला की शहाण्यासारखा चालतो आणि इथे आणला की मान टाकतो,’ असे तेथील हिशेबनीस वैतागून म्हणाले आणि त्यांच्या बोलण्यातच उत्तर होते. आम्ही संगणक तिथेच ठेवला आणि मल्टिमीटर घेऊन त्याच्या शेजारी बसलो. सॉकेटमध्ये 228 व्होल्ट स्थिर दिसत होते. मागच्या बाजूचा कॉम्प्रेसर सुरू झाला त्या क्षणी ट्यूबलाइट किंचित मंदावली, मीटरवरचा आकडा 180 च्या खाली गेला आणि पडदा काळा झाला. ट्यूबलाइटचे मंदावणे कचेरीत सर्वांच्या इतके सवयीचे झाले होते की त्याचा उल्लेख कोणी केलाच नव्हता.

पुढची साखळी उलगडणे अवघड नव्हते. मोठी मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते आणि त्या लाइनवरचा दाब खाली येतो. कचेरीतला यूपीएस साध्या प्रकारचा होता. असा यूपीएस दाब ठीक असेपर्यंत बाहेरची वीज जशीच्या तशी पुढे देतो आणि दाब मर्यादेखाली गेला की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. त्यातील 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी चार्जिंगवर असताना 13 च्या वर दाखवत होती, परंतु भार येताच ती 10 व्होल्टच्याही खाली कोसळत होती. यूपीएसवरचा हिरवा दिवा मात्र इमानेइतबारे जळत होता. वीजजोडणीचा बोर्ड उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली : न्यूट्रलच्या पट्टीतील एक स्क्रू ढिला होता, त्याच्याजवळच्या तारेचे वेष्टन भाजून तपकिरी झाले होते आणि त्या सैल जोडामुळे दाबाची घसरण अधिकच वाढत होती. इलेक्ट्रिशियनने तारेचे जळके टोक कापून जोड पक्का केला, कचेरीला कॉम्प्रेसरपासून वेगळी लाइन दिली, यूपीएसला नवी बॅटरी बसवली. संगणकातला एकही भाग बदलावा लागला नाही.

प्रश्न उभा राहिला तो बिलाचा. भाग बदलला असता तर त्यावरचा नफा मिळाला असता; येथे आम्ही विकले काहीच नव्हते आणि माणूस मात्र अख्खा दिवस गुंतला होता. त्यानंतर आम्ही तपासणीचे शुल्क वेगळे आकारायला सुरुवात केली आणि ते सुट्या भागांच्या किमतीत वळते करून घ्यायचे नाही असेही ठरवले, कारण शुल्क वळते होणार असेल तर तपासणाऱ्याचे लक्ष दोषाऐवजी विक्रीकडे वळते, असे माझे मत आहे. ‘काही बदललेच नाही, मग पैसे कसले?’ हा प्रश्न पुष्कळदा ऐकावा लागला. यावर तोड म्हणून प्रत्येक तपासणीनंतर काय मोजले, किती आले आणि दोष कोठे आढळला हे लिहिलेला कागद आम्ही देऊ लागलो. काही ग्राहक दुरावले. पण अंबड आणि सातपूरच्या लघुउद्योजकांनी ही पद्धत चटकन स्वीकारली, कारण यंत्र बिघडले की कारणाची लेखी नोंद ठेवण्याची त्यांना सवयच असते. आमचे बहुतेक वार्षिक देखभाल करार त्याच वर्गातून मिळाले.

आता फोन आला की आमचा माणूस कॅबिनेट उघडण्याआधी विचारपूस करतो. संगणक बटण दाबल्यावर काही सेकंदांतच बंद पडतो, की वीस-पंचवीस मिनिटांनी? बंद पडून तसाच राहतो, की स्वतःहून पुन्हा सुरू होतो? बंद पडल्यावर लगेच चालू होतो, की भिंतीवरचे बटण बंद करून काही वेळ थांबावे लागते? ही शेवटची चौकशी फार उपयोगी पडते. एसएमपीएसमधील संरक्षक यंत्रणेने अतिभारामुळे पुरवठा तोडला असेल, तर पुष्कळ एसएमपीएस मुख्य वीज काढून पुन्हा दिल्याशिवाय जागेच होत नाहीत. स्वतःहून पुन्हा सुरू होणाऱ्या यंत्रात अनेकदा निळ्या पडद्याची त्रुटी आलेली असते, परंतु विंडोजमध्ये आपोआप रीस्टार्टची सोय मुळातच चालू असल्यामुळे ती वाचायला मिळत नाही. ती सोय बंद केली की त्रुटीचा क्रमांक पडद्यावर थांबतो.

विंडोज 7 पासून पुढच्या आवृत्त्यांत आम्ही इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतः ठेवते ती घडामोडींची नोंदवही, पाहिल्याशिवाय पेचकस हातात घेत नाही. तेथे 1074 क्रमांकाची नोंद असेल तर संगणक एखाद्या प्रोग्रॅमने, अपडेटने किंवा वापरणाऱ्यानेच रीतसर बंद केलेला असतो. त्याऐवजी कर्नल-पॉवर 41 आणि 6008 या नोंदी असतील तर तो रीतसर बंद झाला नाही एवढे कळते; 41 च्या तपशिलात बगचेकचा, म्हणजे निळ्या पडद्याच्या त्रुटीचा, आकडा शून्य असेल तर वीज तुटणे, अतिउष्णता किंवा यंत्र पूर्ण गोठणे यांपैकी काहीतरी घडले असण्याची शक्यता अधिक. केवळ 41 दिसला म्हणून एसएमपीएस खराब ठरवणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. ती नोंद यंत्र पुन्हा सुरू झाल्यानंतर लिहिली जाते आणि तिच्यात बंद पडण्याचे कारण सापडतेच असे नाही.

उष्णतेची प्रकरणे एप्रिल-मेमध्ये वाढतात, कारण नाशिकचा पाराही तेव्हा चाळिशीला टेकतो. पंचवटीतील एका पिठाच्या गिरणीच्या कचेरीत प्रोसेसरवरचा पंखा सोडवल्यावर त्याखालच्या हीटसिंकच्या (उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धूळ आणि पीठ यांचा असा थर निघाला की तो नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड उचलता आला. पंखा व्यवस्थित फिरत होता, हवा मात्र खाली पोहोचत नव्हती. आजचे पुष्कळ प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र बंद करतात; त्यामुळे ‘आधी हळू झाला, मग बंद पडला’ असे कोणी सांगितले की संशय तिकडे जातो. इंटेलच्या एलजीए 775 पद्धतीच्या पंख्याला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असत; त्यांतील एक जरी सुटली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जाई आणि प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट कितीही नवी असली तरी उपयोग होत नसे. सफाईविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो : ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा पेनाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र आमचा नियम मोजमापाचा आहे. यंत्रावर पूर्ण भार असताना पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6, लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळायला हवेत. बिनभाराचे आकडे बहुधा चांगलेच येतात आणि म्हणून ते फसवे असतात. कॉलेज रोड परिसरातील डिझाइन आणि व्हिडिओ संकलनाच्या स्टुडिओंकडून ही प्रकरणे अधिक येतात. कॅबिनेटसोबत मिळालेल्या स्वस्त एसएमपीएसवर 450 वॅट छापलेले असते, नंतर त्यावर भारी ग्राफिक्स कार्ड चढते आणि रेंडर सुरू केला की यंत्र बंद. अशा एसएमपीएसवरचा मोठा आकडा न वाचता 12 व्होल्टच्या रांगेतील अँपिअर वाचावेत. त्यांना 12 ने गुणल्यावर छापील वॅट आणि प्रत्यक्ष क्षमता यांतले अंतर तिथल्या तिथे कळते.

सगळ्यांत क्षुल्लक दोष सगळ्यांत जास्त वेळ खातो, असाही अनुभव आहे. एटीएक्स यंत्रांत पॉवरचे बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले तर संगणक सक्तीने बंद होतो. कॅबिनेटचे बटण धुळीने किंवा झिजेने आत अडकले की तेच घडते : यंत्र सुरू होते आणि चार-पाच सेकंदांत मिटते. मदरबोर्डवरून त्या बटणाची दोन पिनांची तार काढायची, पेचकसाच्या टोकाने त्या पिना क्षणभर जोडून यंत्र सुरू करायचे. ते चालू राहिले तर दोषी बटणच. ही चाचणी मिनिटभराची, आणि तरीही तिच्याअभावी बदललेले मदरबोर्ड आमच्या कपाटात पडून आहेत. ते अन्य ठिकाणी ‘खराब’ ठरवून ग्राहकांनी आमच्याकडे भंगारात दिले होते.

अर्थिंगची तक्रार या सर्वांहून निराळी. अर्थिंग कच्चे असले म्हणून संगणक बंद पडतोच असे नाही, परंतु कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरांतून होणाऱ्या अल्पशा गळतीला जमिनीची वाट मिळत नाही. आपल्याकडे थोडे खणले की काळा कातळ लागतो आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा सुकतो, म्हणून करारातील ग्राहकांकडे मार्चमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब मोजून घेतो. तो दोन-तीन व्होल्टच्या वर गेला की आधी खड्ड्यात पाणी सोडायला सांगतो, मग इलेक्ट्रिशियन बोलावतो.

माणसे निवडतानाही हाच अनुभव कामी आला. हार्डवेअरचे खासगी कोर्स केलेल्या मुलांपेक्षा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केलेली मुले आम्हाला अधिक उपयोगी ठरली. विंडोज टाकायला ती महिन्याभरात शिकतात, मीटर कोठे लावायचा हे त्यांना आधीच ठाऊक असते. ती टिकत नाहीत, ही अडचण आहेच. कारखान्यांतील देखभाल विभागाचा पगार आम्हाला परवडत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांपासून तपासणी शुल्कातील ठरावीक हिस्सा थेट तपासणाऱ्याला देतो. आमच्याकडे शिकलेल्या एकाने सिन्नरला स्वतःचे दुकान काढले आहे. झाळकामाचे बोर्ड तो आमच्याकडे पाठवतो आणि माळेगाव औद्योगिक वसाहतीतून येणारे फोन आम्ही त्याच्याकडे वळवतो.