तुम्ही विचारलंत म्हणून: हो, भीती वाटते

"तुमचा येशूवर एवढा विश्वास, मग तुम्हाला कशाची भीती वाटतच नसेल, नाही?" कुणी हे कौतुकानं विचारतं, कुणी हळूच चिमटा काढत. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. वाटते. पोटात गोळा येईपर्यंत वाटते.

माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत नेताना त्याचा चष्मा त्यांनी काढून माझ्या हातात दिला होता. काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. प्रार्थना करायची म्हणून डोळे मिटले, तर शब्दच येईनात. मग मी ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत बसले. पुसून झाला की पुन्हा पुसायचा. तीन-साडेतीन तास मी एवढंच केलं.

तेवढ्यात आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक जण भेटायला आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "भिऊ नका. भीती म्हणजे अविश्वास." मन चांगलं होतं त्यांचं. पण आधी मला एकच ओझं होतं, ते गृहस्थ गेल्यावर दोन झाली.

नंतर बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, उघडली तेव्हा छप्पन्नाव्या स्तोत्रापाशी थांबले. पुढे इस्राएलाचा राजा झालेला दावीद त्यात म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. 'तेव्हा' म्हणतो तो. भीती गेल्यावर नाही. स्तोत्राच्या मथळ्यात प्रसंगही दिलाय: पलिष्ट्यांनी, म्हणजे त्याच्या शत्रूंनी, त्याला त्यांच्या गथ शहरात पकडलं होतं. बायबलमधल्या 'पहिले शमुवेल' या पुस्तकात गथाची हकिकत वाचा. गल्याथ नावाच्या राक्षसी योद्ध्याला लोळवणारा हा वीर तिथे आखीश राजाला इतका घाबरला, की वेड्याचं सोंग घेऊन दारांवर ओरखडे काढत, दाढीवर लाळ गाळत सुटला. भरवशाचं ते वाक्य अशा माणसाच्या तोंडचं आहे. आणि त्याच स्तोत्रात तो देवाला सांगतो, माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव. रडणं लपवायला हवं असं काही त्याला वाटलेलं दिसत नाही.

'भिऊ नको' हे शब्द बायबलमध्ये 365 वेळा आहेत, दिवसाला एक, असं हौसेनं सांगितलं जातं. मोजायला बसलं तर तेवढे भरत नाहीत. मला आकड्यापेक्षा ते कुणाला म्हटलंय हे महत्त्वाचं वाटतं. येशूची आई मरीयेला, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. सगळे आधीच घाबरलेले. लेकरू झोपेतून दचकून उठलं की आई 'काही नाही, मी आहे ना' म्हणते, तसं आहे ते. कुठली आई दचकल्याबद्दल लेकराला रागावते?

आणि वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूच व्याकूळ झाला होता. हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर, असं त्यानं पित्याजवळ मागितलं, मग 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणाला. आपण हे दुसरं वाक्य लगेच पाठ करतो, पहिल्यावरून मात्र घाईघाईनं पुढे जातो.

म्हणून मला भरवसा ही मनाची शांत अवस्था वाटत नाही. भीती कुणाकडे घेऊन जायची, ते ठरवणं म्हणजे भरवसा. कधी त्यानं शांती मिळते, कधी नुसती रात्र निघते.

नवरा बरा झाला. पण हे मी साक्ष म्हणून, म्हणजे देवानं केलेल्या कामाचा पुरावा म्हणून, सांगायला कचरते. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्याही ओठ हलवत होत्या, बहुधा माझ्यापेक्षा जास्त मनापासून. त्यांचा माणूस गेला. माझा भरवसा खरा आणि त्यांचा खोटा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. असं का झालं, ते मला अजून कळलेलं नाही. प्रार्थनेत मी देवाला ते अजून विचारते.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याची पुन्हा तपासणी आहे. काल रात्री झोप आली नाही. श्वास घेताना 'भीती वाटेल तेव्हा', सोडताना 'तुझ्यावर भरवसा', असं मनात म्हणत पडून राहिले. पहिली बरीच मिनिटं पहिल्याच अर्ध्यावर अडकले होते. शेजारी तो घोरत होता, उशाशी चष्मा होता. अंधारातच उचलला आणि पुसला.